टेपखाली चार बोटं

९ जानेवारी

दादा,

खुशाली विचारायला हे पत्र नाही, तेव्हा नमस्कारचमत्कार सगळा तू मनातल्या मनात घाल आणि पुढे वाच. चार वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. आताही बोलत नाहीये, फक्त लिहितोय. फोन करता आला असता, पण फोनवर तू हसला असतास. कागद वाचून काय हसायचं ते हस, मला ऐकू येत नाही.

काम एकच. अण्णांची मापांची वही मला हवी. ती निळ्या कापडाच्या बांधणीची, कडा खडूनं पांढऱ्या झालेली. अण्णा गेल्यावर दुकान रिकामं केलं तेव्हा शिलाई मशीन मी घेतलं आणि वही तू. तू मुख्याध्यापक माणूस, तुला शिंप्याची वही कशाला लागत होती ते मला तेव्हाही कळलं नाही.

मला कशाला हवी ते सांगतो. मी ऑपरेशन करून घेतोय. कसलं ते तू ओळखलं असशीलच. तेराव्या वर्षापासून ज्याच्यावरून तू मला 'मावशी' म्हणत आलास, त्याचंच. डॉक्टर त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. पुरुषाच्या छातीतली ग्रंथी वाढते आणि छाती बाईसारखी दिसते. ही चरबी नव्हे. 'कमी खा, जाईल' असं तू म्हणायचास ना? कमी खाल्लं. दोन वर्षं सकाळी पळालो. पोट गेलं, गाल गेले, ही बया जागची हलली नाही.

आणि आता दुखतं. कारखान्यात मी कटिंग मास्टर आहे, दिवसाचे नऊ तास टेबलावर ओणवा. कापडाचे साठ-साठ थर एकावर एक, त्यावरून कापायचं मशीन फिरवायचं. टेबलाची कड बरोब्बर छातीत रुतते. डावीकडून अशी कळ येते की मशीन बंद करून उभं राहावं लागतं. शिवाय आतून घालायची ती घट्ट कॅनव्हासची बंडी, माझी मीच शिवलेली. उन्हाळ्यात तिच्याखाली कातडी सोलून निघते.

शेवटी हिनं मला बखोटीला धरून दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीच्या बाकावर अकरा बायका आणि मी. नर्सनं कागद बघून हाक मारली, हिचा हात धरला आणि आत घेऊन गेली! ही आतून ओरडतेय, 'अहो, मी नाही, ते!' सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठलो आणि ताठ मानेनं आत गेलो. घाबरण्यासारखं काही निघालं नाही, पण औषधानं आता जाणार नाही, काढूनच टाकावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

माझा आरोग्य विमा आहे. साडेसहा वर्षांत एक हप्ता चुकलेला नाही. कंपनीला कागद पाठवले तर उत्तर आलं, 'सदर शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धनासाठी असल्याने दावा नामंजूर.' सौंदर्य! माझं! मी ते पत्र कारखान्यात वाचून दाखवणार होतो, पण मग कशाचं ऑपरेशन तेही सांगावं लागलं असतं.

मी गप्प बसलो नाही, फेरविचाराचा अर्ज केला. त्या फॉर्मवर छातीच्या मापाचा रकाना होता. मी आपला भरला, बेचाळीस. दवाखान्याच्या कागदावर होतं एकोणचाळीस. झालं! कंपनीनं लिहिलं की अर्जदारानं दाव्यासाठी माप तीन इंचांनी वाढवून सांगितलं आहे, सबब अर्ज विश्वासार्ह नाही. पंचवीस वर्षं मी जे लपवलं, ते म्हणे मी वाढवून सांगितलं. आता बोला!

चूक कुठे झाली ते फक्त आपल्या घरातल्या माणसाला कळेल. अण्णा सगळ्या गिऱ्हाइकांच्या छातीचं माप टेपखाली दोन बोटं घालून घ्यायचे. माझं मात्र चार. शर्ट सैल बसावा, अंगाचा आकार कुठे दिसू नये म्हणून. नंतर मी माझं माप स्वतः घ्यायला लागलो तेव्हाही हात आपोआप चारच बोटं घालत गेला. बेचाळीस हे माझं खरंखुरं माप आहे असं मी शपथेवर सांगितलं असतं. फॉर्म भरताना डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

अण्णा वहीत सगळं लिहायचे. कुणाचा खांदा उतरता, कुणाचं पोट पुढे. माझ्या पानावर चार बोटांचंही लिहिलेलं असणार. ते पान कंपनीच्या नाकावर टिच्चून दाखवायचंय. वही कुरियरनं पाठव. पत्र नाही लिहिलंस तरी चालेल.

धाकटा


२५ जानेवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. अडीच ओळींचं. 'वही माळ्यावर कुठेतरी असेल, शोधायला वेळ नाही. ऑपरेशनचा सगळा खर्च मी करतो. विषय संपव.' आणि सोबत चेक.

चेक याच पाकिटात परत पाठवतोय. चार तुकडे झालेत, पण तुझी सही असलेला तुकडा अख्खा ठेवलाय, मान म्हणून.

तुला काय वाटलं, मी पदर पसरायला आलोय? कंपनीनं मला खोटारडा म्हटलंय, दादा. वर म्हणतात, हौसेसाठी करतोय. तेराव्या वर्षापासून दप्तर पाठीला न लावता छातीशी धरून चालणारा मुलगा, तो हौस करत होता? तुझे पैसे घेतले तर त्यांचंच खरं ठरेल. मला तो कागद हवाय ज्यावर 'मंजूर' लिहिलेलं असेल. त्यासाठी वर्ष लागलं तरी मी त्यांचा पिच्छा सोडणार नाही.

आणि खर्च करायला निघालास तो कुठल्या तोंडानं? चार वर्षांपूर्वीचं विसरलास? तू मुख्याध्यापक झालास म्हणून सगळ्यांना त्या तलावाच्या विश्रामगृहावर बोलावलं होतंस. तुझे शिक्षक, वहिनीच्या माहेरचे, पोरंटोरं. सगळे पाण्यात. मी शर्ट घालून खुर्चीवर. तू मागून आलास, 'मावशी, लाजतेस काय, उतर की पाण्यात!' म्हणून कॉलर धरून ओढलीस. सात बटणं तुटली. आतली बंडी वर सरकली. कुणीतरी फोन वर धरला होता, ते मला अजून दिसतं. तू मात्र कोरडा ठणठणीत, काठावर टॉवेल वाटत फिरत होतास. पाहुण्यांची व्यवस्था बघायची होती ना तुला!

त्या सातातली पाच बटणं हिनं गवतातून शोधून आणली. दोन अजून मिळालेली नाहीत.

अण्णांनी हे कसं सांभाळलं होतं बघ. दुकानाच्या आरशासमोर मला उभं केलं, माप घेतलं, चकार शब्द बोलले नाहीत. आठ दिवसांनी शर्ट हातात दिला. दोन खिसे, दोन्हींवर झाकण, खिशांच्या आतून पातळ कॅनव्हास. पुढून सपाट. शाळेत मास्तर म्हणाले, वा, काय ऐटबाज शर्ट! आणि माझ्या एकट्याच्या अंगावर असं काही दिसू नये म्हणून त्यांनी तुलाही तसलेच दोन खिशांचे शर्ट शिवले. तू तर अजूनही तेच घालतोस, एका खिशात पेनं, दुसऱ्यात चष्मा. अण्णांनी माझ्यासाठी केलेली गोष्ट तुझी ऐट होऊन बसली.

माळा चढ. वही काढ. पाठव.

धाकटा


१६ फेब्रुवारी

दादा,

वही पोचली. वहिनीच्या हातचं पॅकिंग दिसतंय, तुला एवढा दोरा गुंडाळता येत नाही. आत चिठ्ठी नव्हती. बरं झालं.

उघडली आणि खडूचा, मशीनच्या तेलाचा वास आला. मी तासभर नुसती पानं उलटत बसलो. ही दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही गार झाले. अण्णांचं अक्षर काय रे! 'डावा हात पाऊण इंच लांब, सांगू नये.' 'कंबर दर वर्षी वाढते, शिलाईत दाबून ठेवावे.' गावातल्या अर्ध्या लोकांची गुपितं त्यांनी अशी सांभाळून ठेवली होती, आणि दुकानात कोणी कुणाबद्दल विचारलं की म्हणायचे, 'मला टेपवरचे आकडेच दिसतात.'

घरची मापं शेवटच्या पानांवर आहेत. माझंही सापडलं. लांबी, खांद्याचा तीरा, बाही, कॉलर, सगळ्यापुढे आकडा. छातीपुढे आकडा आहे, आणि त्याच्यापुढे एकच शब्द, 'थोरल्याप्रमाणे'. बस. चार बोटं नाही, कॅनव्हास नाही, काही नाही. दर वर्षीच्या मापापुढे तेच, थोरल्याप्रमाणे, थोरल्याप्रमाणे.

कपाळावर हात मारून घेतला. थोरला म्हणजे तू. तुझं पान याच पानाच्या मागच्या बाजूला असणार, पण ती बाजू दिसतच नाही. ते पान आधीच्या पानाला चारही कडांनी शिवून टाकलंय. दोरा नवा कोरा, नायलॉनचा. टाके एक लांब, एक आखूड, जसे तू शाळेत बटण लावताना घालायचास. अण्णांचा टाका असता तर शोधून सापडला नसता.

मी ते उसवलेलं नाही. तुझं पान आहे, तू शिवलंयस. पण का शिवलंस ते मला लिही. कंपनीविरुद्ध तक्रार केलीय, त्या तक्रार समितीपुढे जायचंय आणि माझं घोडं नेमकं तुझ्या पानाशी अडलंय.

धाकटा


२२ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते पत्र लिहायला बसलो तेव्हा पान उसवून झालं होतं. आयुष्यभर शिवण उसवणाऱ्याच्या हातात शिवलेलं पान देतोस आणि तो हात लावणार नाही असं समजतोस? वाटलं, तू आपणहून सांगशील. सहा दिवस वाट बघितली. तू काही लिहीत नाहीस. मग मीच लिहितो.

तुझ्या पानावर, तू चौदा वर्षांचा असतानाच्या मापापुढे, अण्णांनी पूर्ण लिहिलंय. पहिलीच वेळ असेल ना त्यांची, म्हणून सविस्तर. 'छातीस टेपखाली चार बोटे सैल घेणे. दोन खिसे, झाकणासह. आतून कॅनव्हास. पोरास काही विचारू नये.'

मी तेव्हा नऊ वर्षांचा. माझ्या अंगावर तेव्हा काही नव्हतंच.

म्हणजे दोन खिसे माझ्यासाठी नव्हते. ते आधी तुझे होते, माझ्या लक्षात राहिलं नव्हतं एवढंच. माझी पाळी आली तेव्हा अण्णांनी नुसतं लिहिलं, थोरल्याप्रमाणे.

दादा, मी हे वाचलं आणि जिवाची अशी लाही लाही झाली की वही उचलून फेकणार होतो. तुला माहीत होतं! काय होतं, कसं वाटतं, आरशासमोर कसं उभं राहतात, सगळं माहीत होतं. आणि तूच माझं नाव मावशी ठेवलंस. सगळे माझ्याकडे बघत होते तोवर तुझ्याकडे कोणी बघणार नव्हतं. तलावावर तू कोरडा का होतास ते मला चार वर्षांनी कळतंय. पाहुण्यांची व्यवस्था म्हणे!

मग राग ओसरल्यावर मला एक दिसलं. तू ते पान फाडू शकला असतास. कोणाला कळलंही नसतं. पण त्याच पानाच्या पाठीवर माझी मापं होती, फाडलं असतंस तर तीही गेली असती. म्हणून तू बसून शिवलंस. चष्मा लावून, सुईत दोरा ओवून, त्या वेड्यावाकड्या टाक्यांनी. हे दिसल्यावर मी रडलो. माझं रडणं तुझ्यासाठी होतं असं समजू नकोस, आधी अण्णांसाठी रडलो, मग स्वतःसाठी, आणि उरलंसुरलं तुझ्यासाठी.

आता कामाचं. पाच मार्चला तक्रार समितीपुढे सुनावणी आहे. समितीच्या पत्राची प्रत सोबत जोडलीय, तारीख, पत्ता, क्रमांक सगळं त्यात आहे. नाहीतर म्हणशील, मावशी नाटक करतेय.

ते विचारणार, 'थोरल्याप्रमाणे' म्हणजे काय. उत्तर तुझ्या पानावर आहे. दाखवलं तर मी दोन मिनिटांत जिंकतो, पण तुझं पान सरकारी फायलीत जातं, आणि फायली कोण कोण वाचतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तू माझी कॉलर धरलीस तशी मी तुझी धरणार नाही. पान मी परत शिवलंय, माझ्या टाक्यानं. आता शोधून काढायला चांगला शिंपी लागेल.

हरलो तर हरलो. पण ते माझ्या पद्धतीनं. तू परवानगी दे असंही मी म्हणत नाहीये.

आणखी एक कबूल करून टाकतो. विमा घेताना एजंटनं विचारलं होतं, 'आधीचा काही आजार?' मी 'नाही' म्हणालो. ही शेजारीच बसली होती. तिनं माझ्याकडे फक्त बघितलं. ही वही दाखवली की कंपनी तेच उकरून काढणार, म्हणून गेले चार दिवस हिनं पॉलिसीची बारीक अक्षरं भिंगाखाली वाचून काढली. एका कलमाखाली माझ्याच खडूनं रेघ मारलीय. बघू.

धाकटा


८ मार्च

दादा,

सुनावणी झाली. काय झालं त्यातलं अर्धं तुला माहीत आहे, उरलेलं अर्धं ऐक.

लांब टेबल, पलीकडे तिघं. मधे अध्यक्ष, पिकल्या मिशांचे, सारखे पाणी पिणारे. एका बाजूला डॉक्टरीणबाई. दुसऱ्या बाजूला कंपनीचा अधिकारी, टाय असा आवळलेला की मला उठून सैल करावासा वाटत होता. मी गळ्यात टेप अडकवूनच गेलो होतो. ही माझ्या शेजारी, पॉलिसी मांडीवर.

अधिकारी म्हणाला, 'फॉर्मवर बेचाळीस, दवाखान्यात एकोणचाळीस. यातलं खोटं कुठलं?' मी म्हटलं, 'दोन्ही खरी. एक कातडीचं माप आहे आणि एक शर्टाचं.' वही पुढे ठेवली. चार बोटांचं सांगितलं. त्यानं वाचलं, 'थोरल्याप्रमाणे'. म्हणाला, 'थोरल्याचं पान कुठाय?'

मी म्हटलं, 'शिवलंय.'

'मग उसवा की. तुमचाच धंदा आहे.'

'उसवणार नाही. ते पान माझं नाही.'

अध्यक्ष म्हणाले, 'अहो, त्यानं तुमचाच फायदा होईल.' मी म्हटलं, 'साहेब, शिंप्याच्या वहीतलं पान ज्याचं त्यालाच दाखवायचं असतं. माझं पाहिजे तेवढं बघा.' आणि उठून शर्टाची बटणं काढायला लागलो.

 दादा, या वेळी बटणं मी काढत होतो. सातच्या सात. शर्ट काढला, कॅनव्हासची बंडी काढली, टेबलावर ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिलाही मी असा दिवसाउजेडी दिसलो नव्हतो. टेप छातीभोवती घेतला, चार बोटं घातली, 'वाचा.' डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या, 'बेचाळीस.' बोटं काढली. 'एकोणचाळीस.' मग मी टायवाल्याकडे वळलो. 'साहेब, तुमच्या पत्रात सौंदर्य लिहिलंय. कुठे दिसतंय ते बोट ठेवून दाखवा, म्हणजे मीही बघतो.'

तो फायलीत बघायला लागला. डॉक्टरीणबाईंनी बंडीखालचे चट्टे बघितले, डावीकडे हात लावून विचारलं, 'इथे दुखतं?' मी जागच्या जागी उडालो. त्यांनी ते लिहून घेतलं.

पण टायवाला कसला खमका! म्हणतो, 'आज इथे टेप सैल धरून दाखवला. वडील असंच माप घ्यायचे याला पुरावा काय?' मी उघड्या अंगानं उभा. एवढ्यात अध्यक्षांनी फायलीतून एक पाकीट काढलं. म्हणाले, 'हे आज सकाळच्या टपालानं आलंय. तुमच्याच क्रमांकाचं आहे.' फोडलं आणि मोठ्यानं वाचलं.

तुला पाठ असेल. मलाही झालंय.

'मी अर्जदाराचा थोरला भाऊ. वडील आम्हा दोघांच्या छातीचे माप टेपखाली चार बोटे घालून घेत, कारण दोघांनाही एकच त्रास होता. मला तो आजही आहे. "थोरल्याप्रमाणे" याचा अर्थ हाच. शिवलेले पान उसवण्यास माझी हरकत नाही.' खाली सही, हुद्दा, शाळेचा शिक्का.

शाळेचा शिक्का, दादा! साध्या सहीवर भागलं असतं. तू शिक्का मारलास.

ही हुंदके द्यायला लागली. अध्यक्षांनी पाकीट फायलीत ठेवलं आणि म्हणाले, 'आता उसवायची गरज नाही. शर्ट घाला.'

टायवाल्यानं शेवटचा डाव टाकला. 'म्हणजे आजार तेराव्या वर्षापासूनचा! पॉलिसीच्या फॉर्मवर तर "नाही" आहे.' मी म्हटलं, 'हो, मीच "नाही" म्हणून सांगितलं होतं. लाज वाटली होती. आता वाटत नाही.' तेवढ्यात ही डोळे पुसून उभी राहिली आणि खडूची रेघ मारलेलं पान त्याच्या नाकासमोर धरलं. कलमच वाचून दाखवलं, पाच वर्षं सलग हप्ते भरले की जुन्या आजाराच्या कारणावरून दावा अडवता येणार नाही. 'साडेसहा झाली,' म्हणाली, 'पावत्या देऊ?' आयुष्यभर मला घालूनपाडून बोलणारी ही बाई त्या दिवशी कंपनीवर सुटली आणि मला धन्य वाटलं.

निकाल पत्रानं कळवतील.

तुझ्या त्या पत्राबद्दल मला काय लिहावं ते कळत नाही. म्हणून लिहीत नाही.

तुझा धाकटा


१९ एप्रिल

दादा,

मंजूर. कागदाची प्रत पाठवतोय. 'सौंदर्यवर्धन' या शब्दावर त्यांनी रेघ मारून खाली 'उपचार' लिहिलंय. मूळ कागद मी चौकटीत घालून शिलाई मशीनच्या वर लावणार होतो. ही म्हणाली, आलेल्यागेलेल्याला काय सांगाल? म्हटलं, जे आहे ते.

ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले. दोन्ही बाजूंनी नळ्या होत्या, त्या काढल्या. हसलं की टाके ओढतात, म्हणून तुझे जुने विनोद आठवतोय, त्यानं अजिबात त्रास होत नाही. सहा आठवडे दवाखान्याची घट्ट बंडी घालायचीय. म्हणजे बघ, सुटका झाली तरी बंडी आहेच! पण इतकी गचाळ शिवलेली होती की मी दुसऱ्याच दिवशी काखेचा मुंढा उसवून नीट बसवून घेतला. डॉक्टर म्हणाले, 'अशी आणखी चार द्याल का करून?'

टेबलावर ओणवं व्हायला अजून महिना आहे. आरशासमोर मात्र रोज उभा राहतो. लाज गेली, सवय गेलेली नाही. परवा दुकानात शर्टपीस घ्यायला गेलो तर हात अजून पिशवी छातीशीच धरत होता.

तू अजून पत्र लिहिलेलं नाहीस. वहिनीचा फोन आला होता हिला. म्हणाली, ते शिक्का मारून आले त्या दिवशी जेवले नाहीत, पण झोपले मात्र गाढ. आणि हेही म्हणाली की, डॉक्टरांचं नाव विचारून घे, पण मी विचारलं असं सांगू नकोस, असं तू तिला बजावलंयस. तिनं सांगूनच टाकलं. नाव, पत्ता, वेळ, सगळं मागे लिहिलंय. सोनोग्राफीच्या बाकावर बायका असतील. वहिनीला आत नेतील. तू उठ आणि जा.

एक स्पष्ट करतो. तलावाचं मी माफ केलेलं नाही. त्या शिक्क्यानं बरंच फिटलं, सगळं नाही. दोन बटणं अजून बाकी आहेत. ती तू समोर येऊन दे, मग बघू. आणि पुन्हा मावशी म्हणालास तर दारातूनच परत पाठवीन.

तोवर एक काम कर. तुझं माप पाठव. वहिनीला घ्यायला सांग, तुझ्या स्वतःच्या हातावर विश्वास ठेवू नकोस, मी ठेवला आणि खोटारडा ठरलो. अंगात बनियन नको, टेप अंगाला लागून, खाली एकही बोट नको. येईल तो आकडा लिहून पाठव. तुझं पान मी परत उसवलंय, अण्णांच्या शेवटच्या आकड्याखाली जागा आहे, तिथे माझ्या हातानं भरणार आहे.

कापड आणून ठेवलंय. पांढरं, सुती, आतून काही नाही. खिसा एकच लावणार आहे. पेनं कुठे ठेवायची ते तुझं तू बघ.

तुझा धाकटा